नेतृत्वातील खेळकरपणा

नेतृत्वातील खेळकरपणा म्हणजे कामाच्या ठिकाणी वरिष्ठ पदावरील व्यक्तीने काम गांभीर्याने घेत असतानाच स्वतःला, स्वतःच्या पदाला आणि रूढ कार्यपद्धतीला काहीशा सैलपणाने वागविण्याची वृत्ती. मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि व्यवस्थापनशास्त्र या तिन्ही शाखांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या वृत्तीचा अभ्यास होत आला आहे. हाताखालच्या माणसांचा संकोच कमी होणे, कंटाळवाणे काम सुसह्य होणे, चुका वेळेवर उघड होणे आणि नव्या कल्पना सुचणे हे तिचे लाभ मानले जातात. मात्र ज्याच्या हाती बढती, बदली आणि बडतर्फी असते त्याने मांडलेला खेळ इतरांना नाकारता येईलच असे नाही. म्हणून खेळ किती असावा या प्रश्नापेक्षा, खेळायचे की नाही हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा प्रश्न या विषयात अधिक महत्त्वाचा ठरतो.

संज्ञा आणि अर्थच्छटा

मराठीत या वृत्तीच्या आसपास शब्दांचे मोठे गोत आहे. खेळकर, मिश्कील, गमत्या हे शब्द स्वभाव सांगतात. थट्टा, चेष्टा, मस्करी हे व्यवहार सांगतात. आणि टवाळी, टिंगल, कुचेष्टा हे शब्द तोच व्यवहार कोठे नासला ते सांगतात. थट्टेत दोघे हसतात, टिंगलीत एकच हसतो. ‘खेळीमेळी’ या जोडशब्दात खेळ आणि मेळ एकत्र आले आहेत. पण ‘बैठक खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली’ हे वाक्य वृत्तांतांत इतके ठरीव झाले आहे की, ते वाचताच बैठकीत वादावादी झाली असावी अशी शंका येते.

खेळकरपणा आणि विनोदबुद्धी या दोन गोष्टी एक नव्हेत. एकही विनोद न सांगणारा अधिकारी ‘समजा, आपण हे उलट्या क्रमाने करून पाहिले तर?’ असे विचारतो तेव्हा तो खेळकर असतो; आणि दर बैठकीत चुटके सांगणारा अधिकारी स्वतःच्या मतापुढे कोणाला तोंड उघडू देत नसेल, तर त्याच्या चुटक्यांना या अर्थाने खेळकरपणा म्हणता येत नाही. जर्मनीतील हाले येथील मानसशास्त्रज्ञ रेने प्रॉयर यांनी २०१७ मध्ये प्रौढांच्या खेळकरपणाचे चार प्रकार मांडले. इतरांशी नाते जोडणारा, आयुष्य हलकेफुलके घेणारा, कल्पनांशी खेळणारा आणि विचित्र गोष्टींत रमणारा, असे ते प्रकार आहेत. चौघांपैकी तिसरा प्रकार बाहेरून पाहणाऱ्याला पुष्कळदा दिसतही नाही.

मुलांच्या खेळांतील दोन मराठी शब्द या संदर्भात विशेष अर्थपूर्ण आहेत. लपंडावात किंवा पकडापकडीत ज्याला इतरांना शोधावे किंवा पकडावे लागते त्याच्यावर ‘राज्य’ आले असे म्हणतात. म्हणजे खेळातले राज्य हे ओझे आहे. ज्याच्यावर ते येते तो धावतो आणि बाकीचे मजा पाहतात. दुसरा शब्द ‘कच्चा लिंबू’. लहानग्या भावंडाला खेळात घेतात, पण ते बाद झाले तरी त्याच्यावर राज्य येऊ देत नाहीत. नवख्याला चुका करण्याची मुभा देऊन खेळात सामावून घेण्याची ही सोय आळीतल्या पोरांनी कोणत्याही व्यवस्थापनतज्ज्ञाच्या मदतीशिवाय शोधून काढली आहे.

वैचारिक पार्श्वभूमी

खेळाकडे संस्कृतीचे मूलतत्त्व म्हणून पाहण्याची दृष्टी डच इतिहासकार योहान हुइझिंगा (१८७२–१९४५) यांनी दिली. १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात त्यांनी कायदा, काव्य, युद्ध, तत्त्वज्ञान अशा गंभीर मानल्या गेलेल्या क्षेत्रांतील खेळाचा अंश उलगडून दाखविला. खेळाचे पहिले लक्षण त्यांनी स्वेच्छा हे मानले. हुकमावरून खेळला जाणारा खेळ हा त्यांच्या मते खेळ राहत नाही, फार तर खेळाची नक्कल होते. कार्यालयीन खेळकरपणाविषयीचे पुढचे बहुतेक वाद या एका विधानात बीजरूपाने आहेत.

मानवशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन यांनी १९५५ मध्ये खेळ आणि कल्पना यांविषयी एक प्रभावी निबंध लिहिला. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात दोन माकडे लुटुपुटीची मारामारी करताना त्यांनी पाहिली होती. ती माकडे एकमेकांना दात लावीत होती, पण चावत नव्हती. याचा अर्थ ‘हा खेळ आहे’ असा संदेश ती एकमेकांना सतत देत असली पाहिजेत, असे बेटसन यांनी म्हटले. माणसांत हा संदेश डोळ्यांतून, आवाजाच्या चढउतारातून आणि मुख्यतः पूर्वीच्या अनुभवातून पोहोचतो. दोन मित्रांत तो सहज पोहोचतो. साहेब आणि कारकून यांच्यात तो वाटेत अडतो. ‘काय, आज लवकर उजाडले वाटते!’ हे वाक्य साहेबाने गमतीने म्हटले की हजेरीपुस्तकाकडे पाहून म्हटले, याचा विचार कारकुनाला दिवसभर करावा लागतो. खेळ आहे हे स्पष्ट करण्याची जबाबदारी म्हणूनच वरच्या माणसावर अधिक येते.

संघटनाशास्त्राचे अमेरिकन अभ्यासक जेम्स मार्च यांनी १९७१ मध्ये मूर्खपणाच्या तंत्राविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. संस्था आधी उद्दिष्ट ठरवितात आणि मग त्याला साजेशी कृती शोधतात, हा क्रम त्यांना अपुरा वाटला; कारण काही उद्दिष्टे कृती करून पाहिल्यावरच सापडतात. अशा वेळी नेहमीचे नियम जाणूनबुजून, थोड्या काळापुरते बाजूला ठेवणे म्हणजे खेळ, अशी त्यांची मांडणी होती. ‘थोड्या काळापुरते’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. नियम कायमचे मोडणे त्यांना अभिप्रेत नव्हते.

श्रम आणि खेळ

काम आणि खेळ यांची फारकत कारखान्याच्या भोंग्याबरोबर अधिक घट्ट झाली. महाराष्ट्रातील शेतीत कापणीच्या वेळी म्हटली जाणारी ‘भलरी’ ही श्रमगीते सर्वश्रुत आहेत. एकाने ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची, असा तिचा रिवाज. भलरीचा म्होरक्या स्वतः विळा चालवीतच गातो. शेजारीपाजाऱ्यांनी आपापली औते घेऊन एकाच्या शेतात मजुरीविना राबायचे आणि त्याने सर्वांना जेवण घालायचे, या ‘इर्जिक’ पद्धतीतही काम, चढाओढ आणि मेजवानी वेगळी काढता येत नाहीत.

कारखान्यातही माणसे खेळ शोधून काढतात, हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड रॉय यांनी दाखविले. ‘बनाना टाइम’ म्हणजे ‘केळ्याची वेळ’ या शीर्षकाचा त्यांचा लेख १९५९–६० मध्ये प्रसिद्ध झाला. ते स्वतः काही आठवडे एका कारखान्यात ठोकयंत्रावर कामगार म्हणून राबले होते. एक तुकडा ठेवा, यंत्राचा ठोका मारा, तुकडा सरकवा, हेच दिवसभर. कंटाळ्याने वेड लागेल अशा त्या खोलीत तीन मध्यमवयीन कामगारांनी दिवसाचे तुकडे पाडले होते. एकजण दुसऱ्याच्या डब्यातले केळे रोज चोरून ‘केळ्याची वेळ झाली’ अशी आरोळी ठोकी आणि ते खाऊन टाकी. ज्याचे केळे जाई तो रोज आरडाओरडा करी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा केळे घेऊन येई. पीच फळाची वेळ, खिडकी उघडण्याची वेळ, शीतपेयाची वेळ अशा आणखीही वेळा होत्या.

या लेखाचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो, आणि नेतृत्वाच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे. त्या तिघांपैकी एकाकडे मुकादमासारखा अधिकार होता. त्याच्या मुलीचे लग्न एका प्राध्यापकाच्या मुलाशी झाले होते आणि त्याला त्याचा फार अभिमान होता. एके दिवशी रॉय यांच्याच सूचनेवरून, तो प्राध्यापक केशकर्तन शिकविणाऱ्या संस्थेत शिकवितो, अशी थट्टा करण्यात आली. मुकादम गप्प झाला. त्याने बोलणे टाकले आणि तो केवळ हुकूम देणारा वरिष्ठ बनला. केळ्याची वेळ गेली, पीचची गेली; कितीतरी दिवस त्या खोलीत फक्त यंत्रांचे ठोके ऐकू येत राहिले, आणि थकवा पूर्वीपेक्षा वाढला. खेळ सर्वांनी मिळून उभा केला होता, पण तो बंद करण्याची ताकद एकाच्याच हाती होती.

काही उदाहरणे

अंटार्क्टिकातील शॅकल्टन

सर अर्नेस्ट शॅकल्टन यांची १९१४–१७ ची अंटार्क्टिक मोहीम ही संकटकालीन नेतृत्वाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते. त्यांचे ‘एन्ड्युरन्स’ हे जहाज जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्राच्या बर्फात अडकले. जहाजावर २८ माणसे होती. सुटकेचा मार्ग नव्हता, संदेश पाठविण्याचे साधन नव्हते आणि महिनोन्‌महिने सूर्यही दिसणार नव्हता. अशा स्थितीत माणसे थंडीच्या आधी मनाने खचतात, हे शॅकल्टन पूर्वीच्या मोहिमांवरून जाणून होते.

बर्फावर फुटबॉल आणि हॉकीचे सामने सुरू झाले. १५ जून १९१५ रोजी कुत्र्यांच्या गाड्यांची शर्यत झाली, तिला त्यांनी इंग्लंडातील प्रसिद्ध घोडशर्यतीवरून ‘अंटार्क्टिक डर्बी’ असे नाव दिले. शर्यतीचा पल्ला सुमारे ७०० यार्डांचा होता आणि पाच गाड्या उतरल्या होत्या. दुपारच्या संधिप्रकाशात जहाजावरचा एक नावाडी गवती हॅट घालून खोक्यावर उभा राहिला आणि गळ्यात फळा अडकवून पैजेचे भाव पुकारू लागला. पैशांपेक्षा चॉकलेट आणि सिगारेटी यांच्यावर लागलेल्या पैजा अधिक चुरशीच्या होत्या. फ्रँक वाइल्ड यांची गाडी २ मिनिटे १६ सेकंदांत पहिली आली. या सगळ्यात मोहिमेच्या प्रमुखाकडे कोणते काम होते? शर्यत सुरू झाल्याचा इशारा देण्याचे. निकाल दुसऱ्याने दिला, वेळ तिसऱ्याने मोजली. पुढच्याच आठवड्यात दक्षिण गोलार्धातील मध्यहिवाळ्याचा दिवस आला, तेव्हा जहाजात सोंगे, नकला आणि गाण्यांचा कार्यक्रम झाला.

ऑक्टोबर १९१५ मध्ये बर्फाच्या दाबाने जहाज फुटले आणि ते सोडावे लागले. प्रत्येकाला दोन पौंड वजनाचे खासगी सामान घेण्याची मुभा होती. शॅकल्टन यांनी स्वतः सोन्याची नाणी बर्फावर फेकली. मात्र हवामानतज्ज्ञ लेनर्ड हसी यांना त्यांनी त्यांचे बँजो हे वाद्य बरोबर घ्यावयास लावले, आणि त्याचे वजन १२ पौंड होते. मनासाठी ते औषध आहे, अशी त्यांची धारणा होती. पुढे एलिफंट बेटावर उलट्या होड्यांच्या आडोशाला २२ माणसे चार महिन्यांहून अधिक काळ राहिली, तेव्हा त्या वाद्याभोवती गाण्याच्या बैठकी होत असत. ३० ऑगस्ट १९१६ रोजी त्या सर्वांची सुटका झाली. ‘एन्ड्युरन्स’वरील २८ जणांपैकी कोणीही दगावले नाही. याच मोहिमेची दुसरी तुकडी खंडाच्या विरुद्ध बाजूस होती. तिच्यातील तिघे मृत्युमुखी पडले.

शॅकल्टन नेहमीच खेळकर होते असा समज करून घेणे चूक ठरेल. डिसेंबर १९१५ मध्ये जहाजाचे सुतार हॅरी मॅकनिश यांनी बर्फावरून पुढे चालण्यास नकार दिला, तेव्हा शॅकल्टन यांनी करारनामा वाचून दाखविला आणि आज्ञाभंगाची गय केली नाही. मॅकनिश यांनी सुधारून घेतलेल्या होडीतूनच पुढे सुटकेचा प्रवास झाला, तरी त्यांना ध्रुवीय पदक मिळू दिले गेले नाही. हा कठोरपणा न्याय्य होता की नाही यावर आजही वाद आहे. प्रस्तुत विषयापुरते इतके दिसते की खेळ आणि शिस्त यांची अदलाबदल त्यांनी कधी होऊ दिली नाही. शर्यतीच्या वेळी ते पंच नव्हते आणि बंडाच्या वेळी ते सवंगडी नव्हते.

विमान कंपनीचा अध्यक्ष

अमेरिकेतील ‘साउथवेस्ट एअरलाइन्स’ या कंपनीचे सहसंस्थापक हर्ब केलेहर (१९३१–२०१९) हे उद्योगजगतातील सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण होय. कंपनीची विमाने १९७१ मध्ये उडू लागली. १९९२ मध्ये तिच्या एका जाहिरातवाक्यावर ‘स्टीव्हन्स एव्हिएशन’ या लहान कंपनीने हक्क सांगितला, कारण जवळपास तसेच वाक्य ती आधीपासून वापरीत होती. असे तंटे न्यायालयात वर्षानुवर्षे चालतात. केलेहर स्वतः वकील होते. त्यांनी आणि प्रतिपक्षाचे अध्यक्ष कर्ट हरवाल्ड यांनी पंजा लढवून निकाल लावण्याचे ठरविले. २० मार्च १९९२ रोजी डॅलस येथील कुस्तीच्या जुन्या प्रेक्षागारात, दोन्ही कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या आरडाओरड्यात हा सामना झाला. केलेहर ६१ वर्षांचे होते आणि धूम्रपानाबद्दल प्रसिद्ध. हरवाल्ड ३७ वर्षांचे. केलेहर हरले आणि त्यांना स्ट्रेचरवरून बाहेर नेण्याचे नाटकही झाले. हरवाल्ड यांनी ते वाक्य दोघांनीही वापरावे असे जाहीर केले आणि पैजेचा पैसा धर्मादाय संस्थांना गेला.

नातवंडासाठी आजोबा घोडा होतात, त्यात गंमत आजोबा गुडघ्यांवर येतात याची असते. नातवाला घोडा करून आजोबा वर बसले तर तो खेळ होत नाही. केलेहर यांच्या खेळांत हसू बहुधा त्यांचेच होई. ऑक्टोबर १९९४ मध्ये कंपनीच्या १६,००० कर्मचाऱ्यांच्या वतीने ‘यूएसए टुडे’ या दैनिकात पानभर जाहिरात देऊन त्यांचे आभार मानण्यात आले. त्यात सर्वांची नावे लक्षात ठेवल्याबद्दल, सणाच्या दिवशी विमानात सामान चढविण्यास मदत केल्याबद्दल आणि मुख्यालयात मोटारसायकल चालवीत आल्याबद्दलही धन्यवाद होते. क्रम पाहण्यासारखा आहे: नावे आधी आणि मोटारसायकल नंतर.

१९७३ ते २०१९ अशी सलग ४७ वर्षे ही कंपनी नफ्यात राहिली. त्याचे श्रेय केवळ खेळकरपणाला देणाऱ्या पुस्तकांचा भरवसा धरू नये. एकाच जातीची विमाने वापरणे, विमानतळावर विमान कमीत कमी वेळ उभे ठेवणे, थेट मार्गांवर भर देणे ही कारणे तितकीच भक्कम होती. डिसेंबर २०२२ मध्ये हिमवादळानंतर कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लावणारी जुनाट संगणकप्रणाली कोलमडली आणि कंपनीला १६,००० हून अधिक उड्डाणे रद्द करावी लागली. खेळीमेळीची परंपरा त्या वेळी विमानांना कर्मचारी मिळवून देऊ शकली नाही.

शुक्रवारच्या संध्याकाळचे प्रयोग

भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे गाइम यांची प्रयोगशाळा हे बौद्धिक खेळकरपणाचे उदाहरण आहे. नेदरलँड्समधील नाइमेखेन येथे असताना त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी, ठरलेल्या संशोधनाशी संबंध नसलेले प्रयोग करून पाहण्याची प्रथा पाडली. प्रबळ चुंबकात पाणी ओतून पाहण्याचा उपद्व्याप त्यातलाच. त्यातून पुढे १९९७ मध्ये जिवंत बेडूक हवेत तरंगत ठेवण्याचा प्रयोग झाला आणि त्याबद्दल त्यांना २००० साली, आधी हसविणाऱ्या आणि मग विचार करावयास लावणाऱ्या संशोधनासाठीचे ‘इग नोबेल’ मिळाले. २००१ मधील एका शोधनिबंधात त्यांनी आपल्या पाळीव हॅम्स्टरला सहलेखक केले आहे.

२००१ मध्ये ते मँचेस्टरला आले. तेथे एका नव्या संशोधक विद्यार्थ्याला ग्राफाइट घासून शक्य तितके पातळ करण्याचे काम दिले होते. पण घासूनही थर जाडच राहिला. तेव्हा एका सहकाऱ्याने कचऱ्यातील चिकटपट्टी आणून दाखविली. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्यापूर्वी ग्राफाइटचा पृष्ठभाग स्वच्छ करण्यासाठी ती चिकटपट्टी वापरून फेकून देत असत, आणि तिला चिकटलेले पापुद्रे घासलेल्या ग्राफाइटपेक्षा कितीतरी पातळ होते. त्यातून एका अणूच्या जाडीचे ग्राफीन वेगळे झाले. २००४ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि २०१० चे नोबेल पारितोषिक गाइम आणि त्यांचे सहकारी कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांना मिळाले. गाइम यांच्याच हिशेबाने पंधरा वर्षांत असे सुमारे दोन डझन प्रयोग झाले आणि त्यांपैकी तीनच यशस्वी ठरले. उरलेल्यांबद्दल कोणाला जाब विचारला गेला असता, तर चिकटपट्टी कचऱ्यातच राहिली असती असे मानण्यास जागा आहे.

शाळा

शाळा हेही शिक्षकांचे कामाचे ठिकाणच आहे. गुजरातमधील शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांच्या ‘दिवास्वप्न’ (१९३१) या कथारूप पुस्तकात एक शिक्षक खेळ आणि गोष्टी यांतून शिकविण्याचा प्रयोग करतो. पहिल्या दिवशी तो शांततेचा खेळ घेतो आणि मुले वर्ग डोक्यावर घेतात. या पुस्तकाची चर्चा करताना शिक्षकाकडेच लक्ष जाते. पण शंका असूनही त्याला वर्ग देणारा, फजिती पाहूनही वर्ग काढून न घेणारा शिक्षणाधिकारी हेही त्यातील एक महत्त्वाचे पात्र आहे. स्वतः न खेळता दुसऱ्याच्या खेळाला जागा करून देणे, हे नेतृत्वातील खेळकरपणाचे बहुधा सर्वांत कमी गाजणारे रूप होय. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे, गुरे चारणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. मुलांनी वेळापत्रकाकडे येण्याऐवजी वेळापत्रक मुलांकडे गेले.

संशोधनातील निष्कर्ष

मेरी ॲन ग्लिन आणि जेन वेबस्टर यांनी १९९२ मध्ये प्रौढांचा खेळकरपणा मोजण्यासाठी मापनश्रेणी तयार केली, आणि त्यानंतर या विषयावरील संख्यात्मक अभ्यासांना वेग आला. एमी एडमंडसन यांचा १९९९ मधील अभ्यास खेळकरपणाचा नव्हता. परंतु चूक कबूल केल्यास किंवा प्रश्न विचारल्यास अपमान होणार नाही, असा विश्वास असलेले गट अधिक शिकतात, हा त्यांचा निष्कर्ष येथे आधारभूत मानला जातो. वरिष्ठ स्वतःवर हसू शकतो हे दिसले की, तो विश्वास वाढण्यास मदत होते.

काई ची याम आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये या नाण्याची दुसरी बाजू दाखविली. विनोदी वरिष्ठाशी कर्मचाऱ्यांचे संबंध चांगले असतात आणि कामातील रसही वाढतो. पण त्याच वेळी, येथे संकेत मोडले तरी चालतात, असाही संदेश जातो आणि त्यातून गैरवर्तन वाढू शकते. वरिष्ठाचा विनोद बोचरा असेल तर हा दुसरा परिणाम अधिक ठळक होतो.

सत्ता आणि सक्ती

रोझ कोसर यांनी १९६० मध्ये एका मनोरुग्णालयातील कर्मचारी-बैठकांतील हास्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. विनोद करण्यात वरिष्ठ डॉक्टर पुढे होते आणि तो बहुधा कनिष्ठांवर असे. कनिष्ठ मंडळी उपस्थित वरिष्ठांवर विनोद करीत नसत. ती रुग्णांवर किंवा स्वतःवर करीत. हसू पाण्यासारखे उताराकडे वाहते, हे ज्याने कोणत्याही कचेरीत दहा वर्षे काढली आहेत त्याला नवे वाटणार नाही. साहेबाच्या विनोदावर सर्वांत मोठ्याने हसणारा माणूस भारतीय कार्यालयांत सर्वत्र आढळतो. त्याच्या हसण्यावरून साहेबाने स्वतःच्या विनोदबुद्धीचे माप काढणे धोक्याचे असते.

डेव्हिड कॉलिन्सन यांनी १९८८ मध्ये वायव्य इंग्लंडमधील मालमोटारींच्या कारखान्यातील विनोदाचा अभ्यास मांडला. कामगार आपसांत अखंड थट्टा करीत. व्यवस्थापनाने मात्र मोकळेपणाची मोहीम काढली, वरिष्ठांना पहिल्या नावाने हाक मारण्याची मुभा दिली आणि गृहपत्रिका सुरू केली, तेव्हा कामगारांनी तिला हिटलरच्या प्रचारमंत्र्यावरून ‘गोबेल्स गॅझेट’ असे नाव ठेवले. पगाराच्या जागी सलगी देऊ केली जात आहे, असा त्यांचा समज होता. ज्या माणसांना थट्टेची इतकी सवय होती त्यांनाही वरून आलेली सलगी रुचली नाही.

पीटर फ्लेमिंग यांनी २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका दूरध्वनी-सेवा केंद्राचे चित्रण केले. तेथे मौज हे अधिकृत ध्येय होते. वेषभूषा, मेजवान्या आणि सांघिक खेळ यांची रेलचेल होती. काही तरुण कर्मचारी त्यात रमले. इतरांना आपल्याला बालवाडीतल्या मुलांप्रमाणे वागविले जाते असे वाटले. (बालवाडीवर येथे थोडा अन्यायच झाला आहे. चांगल्या बालवाडीत खेळायचे नसलेल्या मुलाला खिडकीशी बसू देतात.) भारतातील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांतही शुक्रवारचे खेळ आणि सांघिक सहली आता रुळल्या आहेत. त्यांविषयी तक्रार असते ती बहुधा खेळांबद्दल नव्हे. ‘ऐच्छिक’ म्हणून जाहीर झालेल्या कार्यक्रमाला कोण आले नाही याची नोंद मनात ठेवली जाते, हे खरे दुखणे असते. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते, तेव्हा मालक आणि हेल्पर एकाच पंगतीला बसले तर पेढ्याबरोबर काहीतरी अधिक वाटले जाते. मालक छायाचित्रापुरता आला तर तेही सर्वांना कळते.

खेळण्यास नकार देण्याचा प्रश्न फ्रान्समध्ये सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत गेला. पॅरिसमधील एका सल्लागार कंपनीने मौज आणि व्यावसायिकता ही आपली मूल्ये म्हणून जाहीर केली होती. आठवड्याअखेरच्या मद्यपानाच्या मेजवान्या आणि सहकाऱ्यांच्या खासगीपणावर अतिक्रमण करणारे प्रकार हे तिच्या मौजेचे भाग होते. २०११ मध्ये नोकरीस लागलेल्या एका कर्मचाऱ्याने त्यांत सामील होण्यास नकार दिला, आणि २०१५ मध्ये व्यावसायिक अपुरेपणाचे कारण देऊन त्याला काढून टाकण्यात आले. त्या कारणांत कंपनीच्या मौजेच्या मूल्यांशी त्याचे न जुळणेही होते. पॅरिसच्या अपील न्यायालयाने २०२१ मध्ये बडतर्फी रद्दबातल ठरविण्याची त्याची मागणी फेटाळली. ९ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. मौजेत भाग न घेणे आणि तिच्यावर टीका करणे हा कर्मचाऱ्याच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि बडतर्फीच्या कारणांत त्याचा अंशतः जरी आधार घेतला गेला असला तरी ती रद्दबातल ठरते, असे न्यायालयाने म्हटले.